पप्पांचं आमेन

पप्पांना कॅन्सर आहे हे त्यांना रूथआत्यानं सांगितलं.

डोळे मिटून. देवाशी बोलता बोलता.

आज पप्पांना जाऊन एक वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

आम्हा भावंडांचं ठरलं होतं, पप्पांना कळू द्यायचं नाही. "लिव्हरला सूज आहे, औषधानं उतरेल." डॉक्टरांना पटवलं, चर्चच्या पाळकसाहेबांना पटवलं. रूथआत्या म्हणजे पप्पांची धाकटी बहीण. तिच्याकडून तर मी हे वाक्य पाठच करून घेतलं.

सगळ्या चर्चला माहीत. आमच्या मटणवाल्यालाही माहीत. फक्त ज्याचं पोट दुखतंय त्याला माहीत नाही!

पप्पा उद्यमनगरातल्या कारखान्यातले जुने टर्नर, जन्मभर लेथ मशीनवर लोखंड कातलेलं. बरं झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये छोटी लेथ टाकायची, म्हणून फोनवर चौकशा करत होते. आम्ही आपले हो हो करत होतो.

मग आमच्या घरी बुधवारची प्रार्थनासभा आली.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांसाठी सांगते. यात सगळे डोळे मिटून बसतात आणि एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करतो. आमच्यात प्रार्थना मोघम नसते. कुणाचा गुडघा, कुणाचं अडलेलं लग्न, सगळं नावानिशी देवाच्या कानावर घालतात.

रूथआत्याची पाळी आली.

"प्रभू येशू, माझ्या दादाच्या पोटातला कॅन्सर तुला म्हाईत हाय. डॉक्टरांनी हात टेकल्यात..."

मी डोळे उघडले. समोर पप्पांचेही उघडे होते. माझ्याकडंच बघत होते.

आत्या थांबायचं नाव घेईना. शेवटी एकदाची तिची प्रार्थना संपली, आणि खोलीत सगळ्यांत मोठ्यानं "आमेन" म्हणाले ते पप्पा.

तेव्हा कुठं आत्याच्या लक्षात आलं. तिनं तोंडावर पदर धरला.

"दादा, माणसांत बोललो असतो की खोटं. देवाम्होरं कसं बोलू?"

लोक गेल्यावर पप्पांनी मला विचारलं, "मग त्या लेथचं मला बोलू का दिलंस गं?"

मी रडायला लागले.

"रडू नगंस. चहा ठेव. माणसं चहा न पिताच पळाली."

त्यानंतर घरात कुणाला कुजबुजावं लागलं नाही. मला खरंच हलकं वाटलं. लेथचा विषय संपला. दफनविधीला कोणती गीतं म्हणायची ते पप्पांनी ठरवलं. ऑर्गन कुणी अजिबात वाजवायचा नाही तेही सांगून ठेवलं. (नाव लिहीत नाही, तो हे वाचतोय.)

एका दुपारी म्हणाले, "पोरी, भ्या वाटतंय."

"पप्पा, तुमचा तर एवढा विश्वास!"

"हाय की. इस्वास बी हाय आन् भ्या बी हाय. क्रुसावर जायच्या आदल्या राती प्रभूला बी बागेत घाम फुटलाच होता की."

मग जरा वेळानं, "माझ्या मातीला उभी राहून 'हसत गेले' म्हणू नगंस. खोटं सांगून मला वाटंला लावू नगंस."

दफनाआधीच्या उपासनेत घरच्या एकानं साक्ष द्यायची असते, म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल उभं राहून चार शब्द बोलायचे. ती मी दिली. 'पप्पा शांतपणे प्रभूमध्ये निजले' हे वाक्य अगदी ओठावर आलं होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते. मी शवपेटीकडं बघितलं.

म्हटलं, "पप्पा घाबरले होते. शेवटपर्यंत. माझा हात सोडत नव्हते. आणि हात धरूनच 'प्रभो, मला घे' म्हणत होते."

पाळकसाहेब खाली बघत होते. भाऊ माझ्यावर चिडलाय हे इकडं उभं राहूनही मला कळत होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून रूथआत्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"आमेन."

आज सकाळी आत्या आणि मी कबरीवर फुलं ठेवून आलो. तिथंही तिनं प्रार्थना केली. भावाची शुगर, माझी चिडचिड, काही म्हणून सोडलं नाही.

पप्पा, तुमच्याशिवाय घरात करमत नाही.

आपण पुनरुत्थानाच्या सकाळी भेटू म्हणतात. आज माझा विश्वास जरा डळमळीत आहे, तेही तुम्हाला खरं खरं सांगून ठेवते.

पण भेटू.