टाकीला कुलूप

नाथाजी मोटार हाकायला शिकला तो बसऱ्याच्या वाळूत, पहिल्या लढाईत, पलटणीच्या लॉरीवर. परत आल्यावर काही वर्षं सांगली-मिरज सर्व्हिसवर काढली आणि पुढं बोरवडीच्या हंबीररावांनी नवी कोरी मोटार आणली तेव्हा त्याला बोलावून घेतलं. हंबीररावांचा कृष्णाकाठी ऊस होता, पंचक्रोशीत शब्दाला वजन होतं, पण मोटारीत बसले की तेही नाथाजीचं ऐकायचे. इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी जेवता जेवता नाथाजीचा हात थांबायचा. त्याची बायको रंगुबाई म्हणायची, "माझा खोकला कवा आईकला न्हाई एवढ्या कानानं."

अशी पंधरा वर्षं गेली. दुसरी लढाई लागली, पेट्रोल कुपनावर मिळू लागलं, आणि त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात टाकीतलं पेट्रोल कमी होऊ लागलं.

हे नाथाजीनंच पहिल्यांदा मालकांना सांगितलं. रोज सकाळी तो टाकीत काठी बुडवून बघायचा. काल चार बोटं होतं ते आज तीनवर यायचं. टाकी गळत नव्हती, खाली थेंब नव्हता. हंबीररावांनी ऐकून घेतलं, सुपारी कातरत राहिले आणि मान वर न करता म्हणाले, "टाकीपाशी तुझ्याबिगर जातंय कोण, नाथा?"

नाथाजी बाहेर आला आणि पुसलेल्याच काचा पुन्हा पुसत बसला.

आठवड्यानं हंबीरराव त्याला घेऊन मिरजेला गेले. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीमागं कोंडीबा तांबटाचं दुकान होतं. हंबीररावांनी त्याच्यापुढं टाकीचं झाकण ठेवलं आणि कुलूप असलेलं तसलंच झाकण करून मागितलं. कोंडीबानं चार दिवसांत जाड पितळेचं झाकण घडवलं. आत कुलूप, वर किल्लीची खाच. बसवायच्या वेळी त्यानं जुनं झाकण उजेडात धरलं.

"सरकार, ह्येला बारीक भोक हाय. नव्याला पाडू का?"

"भोक कशाला? नळी घालायला?" हंबीरराव म्हणाले. "मुंगी शिरंल एवढीबी जागा ठेवू नको."

नाथाजी शेजारीच उभा होता. त्या भोकातून टाकीत वारा जातो, पेट्रोल खाली उतरायचं तर वरून वारा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. पलटणीतल्या गोऱ्या सार्जंटानं ते डब्याला भोकं पाडून दाखवलं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण ज्याच्यासाठी कुलूप करवून घेतलंय त्यानंच भोक मागायचं, हे कसं दिसेल असं मनात आलं आणि त्यानं तोंड मिटलं. कोंडीबानं झाकणाखाली चामड्याची चकती घातली, किल्ली फिरवली आणि ती हंबीररावांच्या हातात दिली. त्यांनी ती घड्याळाच्या साखळीत अडकवली.

आठ-दहा दिवस काही झालं नाही. गावातून शिवार, शिवारातून स्टेशन, एवढंच फिरणं. नाथाजीला वाटलं, चामड्याच्या कडेनं वारा जात असेल. तो विषय त्यानं मनाआड केला.

मग हंबीरराव कोर्टाच्या कामासाठी रेल्वेनं साताऱ्याला गेले. जाताना टाकी भरून, कुलूप लावून गेले. दुसऱ्या दिवशी जतच्या बाजूनं सांगावा आला. हंबीररावांची धाकटी बहीण शालूबाई तिकडं दिली होती. तिच्या पोटात दोन दिवस कळा येत होत्या, पोट फुगलं होतं, वैद्यानं हात टेकले होते. हंबीररावांच्या मंडळी विजयमाला ओसरीवर आल्या. "नाथाजी, असाच नीघ. वन्संना मिरजेच्या दवाखान्यात आण."

जाताना कवठ्याच्या पुढं मोटारीनं आचके दिले आणि ती बंद पडली. नाथाजीनं नळी सोडवून फुंकली, कारबुरेटर उघडून पुसला. घटकाभर गेली. हँडल मारलं तशी मोटार चालू झाली. कचरा असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

शालूबाईला मागच्या सीटवर निजवलं. तिची जाऊ हरणाबाई मांडीवर डोकं घेऊन बसली. शालूबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण तिनं नाथाजीला ओळखलं. "दादा न्हाई आला?"

"साताऱ्याला हायत, आक्कासाब. दवाखान्यात भेटत्याल."

ऊन तापलं होतं. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली ज्वारीची काळी रानं, लांबवर मेंढरं, झाड एखादंच. डफळापूर मागं टाकलं आणि मोटारीनं पुन्हा आचके दिले. नाथाजीनं ती कडेला घेतली आणि उतरून टाकीला कान लावला. आत पत्रा बारीक कुरकुरत होता, कुणी आतून ओढून धरल्यासारखा. आता शंका उरली नाही. पेट्रोल भरपूर होतं, पण वारा नव्हता. झाकण एकदा उघडलं की काम झालं असतं, आणि किल्ली होती साताऱ्याला.

पेटीत टायर काढायची लोखंडी पट्टी होती. ती त्यानं हातात घेतली, झाकणापाशी गेला आणि थांबला.

कुलूप मोडलेलं मालक बघतील. पेट्रोल मोजतील; ते कमीच भरणार, कारण मोटार जतहून आलेली. मग सगळ्या गावाला कळेल की नाथा चोर होता, अखेर त्यानं कुलूप फोडलंच. थोडं थांबलं तर मघासारखा वारा आपोआप शिरेल, मोटार चालू होईल. त्यानं पट्टी खाली ठेवली. बिडी काढली, न पेटवता तशीच धरून मोटारीच्या कडेला उकिडवा बसला. हँडल मारून बघितलं, चालू होईना. पुन्हा बसला. सावली चाकापासून सरकून त्याच्या पायांवर आली.

आतून शालूबाई ओरडली. शब्द नव्हता, नुसता आवाज. हरणाबाई टपाखालून वाकली. "आवं, झालंय काय? बसलाय का असं?"

"किल्ली न्हाई, बाईसाब."

"मग?"

"मोडाय लागतंय."

"मग मोडा की! माणूस चाललंय हितं!"

नाथाजी उठला. पट्टी झाकणाखाली घातली आणि सगळं अंग टाकलं. दुसऱ्या हिसक्याला पितळ फाटलं, कोंडीबाचं झाकण उडून धुळीत पडलं, आणि टाकीनं बुडता माणूस वर यावा तसा मोठ्यानं श्वास घेतला. त्यानं टाकीच्या तोंडावर फडकं बांधलं. नंतर मोटार कुठंही थांबली नाही.

दवाखान्यात पोचले तेव्हा दिवे लागायचे होते. डॉक्टरांनी लगेच पोट उघडलं. आतड्याला पीळ पडला होता. शालूबाई तिसऱ्या दिवशी गेली. आधल्या रात्री साताऱ्याहून भाऊ आलेला तिनं पाहिला.

बाराव्याला भाऊबंद जमले होते. हंबीररावांनी फाटलेलं झाकण सगळ्यांपुढं ठेवलं. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता, आणि कुणाला तरी दोष दिल्याशिवाय त्यांना दम निघत नव्हता. "माझी भण मोटारीत तळमळत हुती, आन् ह्येनं पेट्रोलसाठी कुलूप फोडलं."

हरणाबाई बायकांतून उठून पुढं आली. मोटार कशी बंद पडली, मोडल्यावर कशी लगेच चालू झाली, सगळं सांगितलं. "म्याच मोडा म्हटलं. त्या कुलपानंच वाट अडवली हुती." हंबीररावांनी झाकण आपल्या पुढ्यात ओढून घेतलं. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेला त्यांचा पुतण्या भाऊसो हुंदके देऊ लागला. आई गेल्यावर त्याला शालूबाईनंच वाढवलं होतं. "काका, पेट्रोल मी काढत हुतो," तो म्हणाला. "माझ्या फटफटीला. नाटकं बघाय सांगलीला जात हुतो."

हंबीरराव उठले, नाथाजीपाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नाथाजीनं हात जोडले, आणि महिना संपताच नोकरी सोडली.

त्याला जत-मिरज सर्व्हिसवर काम मिळालं. लढाईमुळं तिथल्या गाड्या कोळशाच्या धुरावर चालायच्या. मागच्या भट्टीत कोळसा घालायचा, पंखा फिरवायचा, तासाभरानं गाडी हलायची. संध्याकाळी तो नखशिखांत काळा होऊन घरी यायचा. विजयमालाबाई दोनदा बोलवायला येऊन गेल्या. रंगुबाईला ते कळेना.

"आता तर समद्यास्नी कळलं, तुमी चोर न्हाई," ती पाणी तापवता तापवता म्हणाली. "मालक स्वता खांद्यावर हात ठेवत्यात. अजून काय पायजे?"

"मालकांचं न्हाई गं."

"मग?"

नाथाजी दगडावर बसून कोपरापासूनची काजळी खरवडत होता. "झाकण मोडायच्या आदी मी बसलो हुतो. सावली चाकापास्नं माज्या पायावर येईस्तवर. आक्कासाब आत वरडत हुत्या आन् मी माज्या नावाचा इचार करत हुतो."

"तेवढ्यानं त्या वाचल्या असत्या?"

"कंपौंडरला इचारलं मी. सांगता येत न्हाई म्हनला."

रंगुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिनं हंडा उचलून त्याच्यापुढं ठेवला, स्वतः खाली बसली आणि राख घेऊन त्याचा हात घासू लागली. तो नको म्हणाला नाही. डफळापूरची ती जागा सर्व्हिसच्या वाटेवरच होती, आणि त्याला रोज दोनदा तिथून जावं लागायचं.