कार्बनची सायकल आणि टेम्पोची दोरी

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय! सकाळी वाडीजवळ माझी कार्बन फ्रेमची सायकल पंक्चर झाली, म्हणून टेम्पोत टाकली. ड्रायव्हरनं पोती बांधतात तशी दोरी आवळली, वर दांडकं घालून पीळ दिला. "आता हलत नाही गा!"

हलली नाहीच. वरची नळी कट्‌कन तडकली.

वेल्डिंगवाल्यानं टिचकी मारून पाहिली. "हे लोखंड नाही भाऊ, याले जोडू कसं?" सायकलचा दुकानदार म्हणतो, अख्खी फ्रेमच बदला.

बाबांची लोखंडी सायकल सत्तर सालच्या आसपासची. कळमन्याच्या धान्यबाजारातून गव्हाची पोती वाहिली तिनं. दांडा दोनदा वेल्डिंग केलाय, अजून धावते.

बाबांनी तडा नीट पाहिला. "इतकी नाजूक आहे, तं तू तिच्यावर बसतो काहून?"

सांगा, काय उत्तर देऊ?