राखणीचं गाणं

परदेशातून गाणं शिकून आले आणि तो उन्हाळा शेतावर काढायचा, असं मीच हट्टानं ठरवलं. तिथं पहिल्या वर्षाच्या परीक्षेला एकटीनं तासभर गायले होते. त्याचं रेकॉर्डिंग दादांना, म्हणजे वडिलांना, पाठवलं होतं. त्यानंतर कधीही फोन केला की दादा म्हणायचे, "रोज ऐकतोय बग तुझं गाणं." अणदूरकडच्या रानात बसून माझा बाप इटालियन गाणी रोज ऐकतो, हे मी वर्गात ज्याला त्याला सांगत सुटले. शिकवणाऱ्या बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. घसा बसायचा, सगळं सोडून परत यावंसं वाटायचं, तेव्हा दादांचं तेवढं एक वाक्य धरून मी राहिले. घरचा एक माणूस ऐकतोय, मला दुसरं काही नको होतं.

पोचले त्याच संध्याकाळी आईबरोबर शेतात गेले. उन्हाळी भुईमूग शेंगांवर आला होता. दिवस बुडायला आणि बांधावरच्या लिंबातून माझा आवाज यायला एकच गाठ पडली. परीक्षेत गायलेलं, आई वारलेल्या एका मुलीचं, अगदी हळू सुरू होणारं ते इटालियन गाणं. त्यातल्या एका लांबलचक सुरासाठी मी अख्खा हिवाळा रडले होते. इथं तो झाडाला बांधलेल्या भोंग्यातून चिरकत होता.

"हे काय गं?"

"डुकरं येत्यात ना शेंगावर. तुझ्या आवाजाला लई भित्यात."

आई हे इतक्या कौतुकानं बोलली की मला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात ओढ्यापलीकडूनही मीच गायला लागले. मग खालच्या वस्तीवरून, अर्धी ओळ मागं. दादांनी पेनड्राइव्हवर घालून माझं गाणं शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं होतं. कुणाच्या भोंग्याची बॅटरी उतरलेली, कुणाचा पत्रा थरथरतोय. शिवारभर मी एकटीच बेसूर कालवा करत होते आणि रानडुकरं म्हणे पळत होती.

दादा मोटर बंद करून आले. मी तिथंच विचारलं, "दादा, तुम्ही तर रोज ऐकतो म्हणत होतात."

"मग? रोज लागतंयच की." ते खुशीत हसले. "शिवारात इचार कुणालाबी, आवाज कुणाच्या पोरीचा हाय म्हणून."

"बसून ऐकलंत का कधी? एकदा तरी?"

ते भुईमुगाकडं बघत राहिले. "आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

केसानं गळा कापला होता माझा, आणि कापणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. वैऱ्यानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आईचा राग त्याहून जास्त आला. तिनं फोनवर एकदाही सांगितलं नाही. का, तर म्हणे, "तुला वाईट वाटलं असतं." म्हणजे वाईट वाटण्यासारखं आहे, हे तिला कळत होतं तर! मी रियाज बंद केला. जेवायला बोलावलं की जेवत होते, विचारलं तेवढंच बोलत होते.

असाच एक आठवडा गेला आणि एका सकाळी दादा फोन घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. "डुकरं सरावली गं आता. काल भोंग्याखालीच उकरून गेली. दुसरं कायतर भरून दे की, माय."

सरावली! डुकरांनाही माझं गाणं जुनं झालं होतं. मी फोन घेतला आणि भुईमुगात जाऊन उभी राहिले. सवयीनं श्वास घेतला, पण गाणं आलंच नाही. आली ती आरोळी. शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवून मी बोंबलले, हाड हाड करत, हुर्रर्र करत, घसा फुटेस्तोवर. शेवटी शेवटी तर नुसती रडत ओरडत होते. तेही सगळं भरलं गेलं.

दादांनी फोन घेतला, बांधावर बसले आणि कानाशी धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये कुणीतरी हाक मारली तर त्याला हातानंच थांबवलं. संपलं तसं परत पहिल्यापासून लावलं.

"हे बग," ते म्हणाले, "ह्याला म्हणत्यात आवाज. हे कळतंय आपल्याला."

माझ्यावर इतके खूश झालेले दादा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.