अंदाजाचा गोळा

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला आमची मुलगी पहाटेच्या एसटीने बुलडाण्याला गेली आणि दिवस उजाडताच आमच्या ह्यांनी सिमेंटचं पोतं फोडलं. मला नवल वाटलं नाही. या माणसाला काळजी लागली की हातात थापी येते. माझं ऑपरेशन होतं तेव्हा ह्यांनी गच्चीचा जिना बांधला. त्याच्या दोन पायऱ्या एकसारख्या निघाल्या तर शपथ. आज नळाजवळ धुण्याचा ओटा घालायचा होता.

मीही बुलडाण्याला जाणार होते. पण मुलीने आदल्या दिवशीच बजावलं, "आई, तू नको येऊ. तू दिसली तं माये पाय लटपटतीन." शाळेत चौथीचा अख्खा वर्ग माझ्या एका आवाजात गप्प बसतो, घरात तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

गेल्या वर्षी ती धावण्यात पुढे होती, पण गोळाफेकीने घात केला. तेव्हा डोणगावच्या माझ्या थोरल्या दिरांनी निकाल देऊन टाकला: आणखी एकदा बघा, नाहीतर लग्न. आणि आता या रविवारी पाहुणे तिला बघायला येणार, हेही त्यांनी गेल्या आठवड्यात परस्पर ठरवून टाकलं. आमचे हे मान खाली घालून "हाव दादा" म्हणाले. मोठ्या भावाला ते नेहमी तेवढंच म्हणतात. मुलगी त्या दिवशी जेवली नाही, पण दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी चिखलीच्या रस्त्याला धावायला गेली.

सरावासाठी गोळा विकत आणू म्हटलं, तर ह्यांचा अपमान झाला. घरात सिमेंट असताना विकतचा? एका गाडग्यात सिमेंट, बारीक गिट्टी आणि मजबुतीसाठी लोखंडाचे तुकडे भरले, वाळल्यावर गाडगं फोडलं, हातावर तोलून पाहिलं आणि जाहीर केलं, "बराबर हाये." घासून घासून गुळगुळीत मात्र छान केला होता, हे मान्य करायला हवं. मुलगी वर्षभर तोच फेकत होती. अधूनमधून कुरकुरायची, "बाबा, हा लई जड लागते." हे म्हणायचे, "सवय होईन."

दुपार कलली तरी फोन आला नाही. मला घरात बसवेना. ओटा बघून डोकं आणखी फिरलं, कारण त्याच्यावर ओतलेलं पाणी नाल्याकडे जायचं सोडून घराकडे येत होतं. काहीतरी करायचं म्हणून मी तो गोळा पिशवीत घातला आणि शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला. असायला हवा होता त्याच्या जवळजवळ दीडपट भरला.

मी तणतणत घरी आले. "काऊन हो, एकदा काट्यावर ठेवता येत नव्हता? पोरीचा हात बिघडवला तुमी!"

ह्यांनी थापी खाली ठेवली. "मले वाटलं, बराबर हाये," एवढंच म्हणाले आणि ओल्या ओट्यावरच बसले. त्यांना उठवायचं मला सुचलं नाही. पोरीची वर्षभराची मेहनत आमच्या अंदाजापायी पाण्यात गेली, अशी माझी खात्रीच झाली आणि मला रडू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. मैदानाबाहेरून मुलगी ओरडून बोलत होती.

"आई, गोळा हातात घेतला तं वाटलं, लिंबू देल्लं का काय! पहिला तं भलतीकडंच गेला. मंग दुसऱ्या डावाले हिसाब बसला. गोळ्यात पुरे मार्क भेटले, आई! पळण्यातबी निघाली मी. आता लेखीच राह्यली."

मला नोकरी लागली ती लग्नानंतर, तीही सासऱ्यांनी हो म्हटल्यावर. माझ्या पोरीने कोणाच्या हो-नाहीची वाट न बघता चपला झिजवल्या, पहाटे उठून धावली, जड तर जड म्हणून तोच गोळा फेकत राहिली. माझा ऊर असा भरून आला की मी अंगणात उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

ह्यांची पँट मागून सिमेंटने माखली होती. तसेच उठले, हात धुतले आणि माझ्याकडून फोन घेऊन डोणगावला लावला.

"दादा, पोरीचं मैदान निघालं."

दिरांचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. लेखी परीक्षेचा काय भरवसा, पाहुणे बघून तर जातील, त्यात काय बिघडलं. हे सगळं ऐकून घेत होते. आता 'हाव दादा' येणार, म्हणून मी फोन हिसकावायला पुढे झाले.

"नाई दादा," हे म्हणाले. "पाहुण्याइले येऊ देऊ नका. लेखी निघो का न निघो, पोरगी म्हणीन तवाच लग्न."

इतक्या वर्षांच्या संसारात दिरांना 'नाही' म्हणताना मी ह्यांना पहिल्यांदा ऐकलं. मला ह्यांचा केवढा अभिमान वाटला, ते मी तिथल्या तिथे, शेजारीण कुंपणाजवळ उभी राहून ऐकत असतानाच, ह्यांना तोंडावर सांगितलं.