पायरीवरची वाट

तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या समोर राहणारे काका शहराबाहेर उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून परतले की लगेच घरात शिरत नाहीत. बूट न काढता पायरीवर बसतात. "काहून बसले, काका?" विचारलं की म्हणतात, "शरीर आलं, मन रस्त्यात आहे." मग थोड्या वेळानं स्वतःशीच "हव, आलं," म्हणून उठतात. मला हसू यायचं.

परवा हृदयाच्या ऑपरेशननंतर मुलीनं त्यांना घरी आणलं. ते ऑटोतून उतरले आणि पायरीवरच बसले.

"मन यायचंय का?" मी विचारलं.

"मन तं कधीचंच घरात येऊन बसलं. पण बेहोश केलं तेव्हा आत्मा कुठं निघून गेला, तो दिसून नाही राहिला."

मुलगी वैतागून आत गेली. मी मात्र गल्लीच्या तोंडाकडे बघत त्यांच्याशेजारी बसलो.