टेबलावरचं पांढरं

चर्चमधले किस्से रविवारी घडतात आणि सोमवारी पहिल्या शिफ्टच्या बसमध्ये सांगितले जातात. चिखलीहून चाकणला पोचेपर्यंत एकाचे तीन होतात. आमचं चर्च म्हणजे हमीदभाईंच्या गॅरेजवरचा हॉल. खाली नटबोल्टचे पाने वाजतात, वर बाजाची पेटी वाजते. सगळी माणसं बाहेरून आलेली, कुणी जालन्याचं, कुणी नगरचं. एवढ्याशा जागेत वर्षभरात इतकं साठतं, की झाडून काढलं तरी कोपऱ्यात उरतंच.

यंदाचे मी सांगतो. आधी दादा सांगायचा.

* * *

माझा मोठा भाऊ, दानियलदादा, चाकणला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होता. चर्चमध्ये त्याच्याकडे एका ट्रंकेची किल्ली होती. ट्रंकेत चार कापडं. जांभळं, पांढरं, लाल, हिरवं. कोणत्या काळात प्रभुभोजनाच्या टेबलावर कोणतं टाकायचं, हे त्याचं खातं.

एकदा पाळकसाहेब संडे स्कूलच्या पोरांना चर्चचं वर्ष समजावत होते. अर्धा तास झाला, पोरं जांभया देत होती. शेवटी ते म्हणाले, "दानियल, तू सांग."

दादा उभा राहिला. "नाताळच्या आधी जांभळं, ईस्टरच्या आधी जांभळं. जांभळं म्हणजे प्रायमर. ते मारल्याशिवाय पांढरं धरत नाही. पांढरं म्हणजे सण, फायनल कोट! लाल म्हणजे पेंटेकॉस्ट, पवित्र आत्म्याची आग, एकच दिवस. उरलेलं अर्धं वर्ष हिरवं."

"हिरवं म्हणजे काय?" एका पोरीनं विचारलं.

"ओव्हरटाइम!"

पाळकसाहेब पुढच्या वर्षीपासून तेच शिकवायला लागले.

* * *

दादा हिरव्यातच गेला. चाकण रोडला बाईक घसरली. दोन दिवस दवाखान्यात होता.

आमच्यात शवपेटीवर पांढरं कापड टाकतात. कबरीशी पोचलं की दोघं जण त्याची घडी घालतात आणि ते परत ट्रंकेत जातं. दरवेळी घडी दादाच घालायचा. त्या दिवशी पाळकसाहेबांनी कापडाला हात लावला आणि मी पेटीवर आडवा पडलो.

"काढू नका! गार लागेल त्याला!"

दोघांनी मला धरलं, पण मी सोडेना. सगळे पाळकसाहेबांकडे बघायला लागले. त्यांनी हातातली माती दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "राहू द्या."

चर्चचं एकुलतं एक पांढरं असं दादाबरोबर गेलं.

आठवड्यानं त्याच्या लाईनवरचा संतोष घरी आला. लॉकरमधलं सामान एका पिशवीत घालून आणलं होतं. आईनं ती पिशवी न उघडता खाटेखाली सरकवली. मला मात्र ट्रंकेची किल्ली मिळाली. पाळकसाहेब म्हणाले, "शिमोन, आता तू सांभाळ. पांढरं नवीन आणू."

मी म्हणालो, "आणलंत तर किल्ली नाल्यात फेकीन!"

* * *

नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनाचे. ट्रंकेच्या झाकणाला आतून दादाच्या हातची यादी चिकटवलेली आहे. पण मी सातवीत शाळा सोडली, आणि दादाचं अक्षर बघितलं की मला पुढचं दिसत नाही. मी कॅलेंडर बघितलं. रविवार लाल छापलेला होता, मी लाल टाकलं.

मंडळी आत आली आणि दारातच थबकली. आगमनाचा पहिला रविवार, टेबलावर पेंटेकॉस्ट!

मार्थामावशी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, जालन्याच्या. त्यांच्या जिभेला सुट्टी नसते. त्या पुढच्या बाकावरून म्हणाल्या, "साहेब, पवित्र आत्मा सहा महिने आधी आलाय."

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "येऊ द्या, मावशी. यंदा गरज आहे."

* * *

पुढच्या रविवारपासून जांभळं टाकलं, पण नाताळला मी ते काढलंच नाही. गाणी झाली, केक झाला, करंज्या वाटल्या, आणि मधोमध ते जांभळं टेबल.

सांगवीहून एक पाहुणे आले होते, त्यांच्या मोठ्या चर्चच्या पंच कमिटीतले. त्यांनी मार्थामावशींना गाठलं. "अहो बाई, नाताळला जांभळं? कुणाला नियम माहीत नाहीत का इथे?"

मावशी करंजी खात होत्या. "नियम माहीत हायेत. आमचं टेबल दुखवट्यात हाय."

मावशींनी तोंड पुसलं आणि वर म्हणाल्या, "तुमचं टेबल कधी दुखवट्यात बसलं न्हाई का?"

* * *

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढतात. ती राख मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून करायची. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी लोक झावळीची पाती दुमडून छोटे क्रूस करतात, ते वर्षभर घरात ठेवून परत आणून देतात. गोळा झालेल्यांत दादानं केलेला एक होता. तो मी खिशात टाकला आणि बाकीचे गॅरेजच्या मागे एका डब्यात जाळले.

डबा इंजिन ऑइलचा होता.

बुधवारी सगळ्यांच्या कपाळावर काळेकुट्ट क्रूस उमटले. गुरुवारी साबणानं गेले नाहीत. शुक्रवारी संतोष सांगत आला, की महाळुंग्याच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीनं आमच्या तिघांना अडवून विचारलं, ही कुठली नवी युनियन? शेवटी पाळकसाहेब स्वतः खाली उतरले, हमीदभाईंना उपाय विचारायला. हमीदभाईंनी त्यांचं कपाळ नीट निरखलं.

"साहेब, माझ्याकडचं ऑइल आहे. माणूस धुतला जाईल, हे जाणार नाही."

जाताना पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाताळ जांभळ्यावर निभावला, शिमोन. ईस्टर नाही निभावणार रे. पांढरं तूच टाकायचंस. मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही."

मी हात खिशात घातला. आतला क्रूस चुरगळला.

* * *

गुड फ्रायडेला टेबल उघडं करतात. कापड नाही, काही नाही, नुसतं लाकूड. ते मला जमलं.

बारा ते तीन उपासना असते. प्रभूनं क्रूसावर काढलेल्या सात शब्दांवर, म्हणजे सात उद्गारांवर, सात माणसं बोलतात. पाचव्यात तो पाणी मागतो. पाचवा दरवर्षी दादाचा, कारण तो शब्द सगळ्यात छोटा. या तीन तासांत मार्थामावशी दारापाशी बसतात. पाण्याचा माठ त्यांच्या मागे. पोर असो नाहीतर म्हातारा, तीन वाजेपर्यंत घोटभर कुणाला मिळत नाही. एकदा पाळकसाहेबांना ठसका लागला तेव्हाही मिळालं नव्हतं.

यंदा पाचव्याला पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी काही तयार केलं नव्हतं. उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं.

"दादानं पण मागितलं होतं. ऑपरेशनच्या आधी द्यायचं नाही म्हणून नर्सनं बजावलं होतं. तो म्हणाला, शिम्या, ओठ तरी ओले कर. मी नाही दिलं. बाटली माझ्या हातात होती. मग त्याला आत नेलं."

तसाच उभा होतो. मागे माठाचं झाकण वाजलं. मार्थामावशी तांब्या घेऊन बाकांच्या मधून चालत आल्या. घड्याळात सव्वादोन.

"पी," त्या म्हणाल्या. "मी तिकडं बघते."

* * *

शनिवारी दुपारी घरी आलो तर आई शिलाई मशीनवर बसलेली. खाटेखालची पिशवी उघडी. पेंट शॉपमधले लोक अंगभर पांढरा सूट घालतात, तसे दादाचे दोन होते. दोन्हींची शिवण तिनं उसवली होती.

"आई! दादाचे कपडे फाडतेस?"

तिनं पाय थांबवला नाही. "तू त्याला चर्चचं दिलंस. आता त्याचं चर्चला. दोरा ओव."

मी ओवला. चार वेळा चुकला.

आता दादा ईस्टरला काय करायचा ते सांगतो. पहाटेच्या उपासनेला टेबलापुढे उभा राहून तो जिवाच्या आकांतानं ओरडायचा, "प्रभू उठला आहे!" मंडळी म्हणायची, "खरोखर उठला आहे!" आणि खालून, गॅरेजातच झोपणारे हमीदभाई शटरवर तीनदा पाना हाणायचे. ते म्हणायचे, "तुमचा प्रभू उठो न उठो, दानियल मला उठवतो!"

रविवारी मी पांढरं अंथरलं. मधोमध छातीचा खिसा तसाच होता, त्यावर लाल पेंटचा एक थेंब. पाळकसाहेब हळूच आईला म्हणाले, "खिसा काढायचा राहिला का?"

"राहू द्या," आई म्हणाली. मी दादाचा चुरगळलेला क्रूस त्या खिशात ठेवला.

मग दादाच्या जागी ओरडायची वेळ झाली. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं, आवाज फुटेना. परत उघडलं. मार्थामावशींनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात खालून शटर वाजलं. ठण. ठण. ठण.

मी तर अजून ओरडलोच नव्हतो!