न चाखलेला स्वयंपाक

भरतावर पोंक भुरभुरलेला पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं डोकंच फिरलं. पोंक म्हणजे आपला हुरडा. सुरतेत थंडी पडली की तो जागोजागी विकायला येतो आणि लोक लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर मिटक्या मारत खातात. भरीत म्हणजे खानदेशी भरीत, गावाकडून बसने आलेल्या हिरव्या वांग्यांचं, मिरची-लसूण लाकडी बडगीत ठेचून केलेलं. खानदेशी माणूस एक वेळ घरजमीन वाटून देईल, पण भरतात ढवळाढवळ सहन करणार नाही. आणि माझ्या सासूबाईंनी, त्याच खानदेशातल्या बाईने, त्या गरम भरतावर मूठभर पोंक टाकला होता, शेजारी फ्रीजमधलं घट्ट दही आणि त्यावर जाडसर चिरलेला कच्चा पुदिना.

"हे काय?" मी विचारलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझा साधा प्रश्नसुद्धा उलटतपासणीसारखा निघतो.

"खाई तर दख," त्या म्हणाल्या.

मी खाल्लं. तोंडात आधी धुराचा वास आला, मग मिरचीचा जाळ, मग दह्याने एकदम सगळं शांत केलं आणि त्या शांततेत पोंकाचे दाणे एकेक करून फुटले, गोड, दुधाळ. मी दुसरी भाकरी मागून घेतली. रागावलेल्या माणसाने दुसरी भाकरी मागणं बरं दिसत नाही, पण माझा इलाज नव्हता.

माझं माहेर नाशिकचं. आमच्याकडे खिचडीबरोबर कढी आणि पापड, वरणाबरोबर लिंबू, यापलीकडे कुणी गेलं तर त्याला आजारी समजायचे. लग्नानंतर सुरतेत उधन्याच्या एका मराठी शाळेत नोकरी लागली आणि मी बमरोली रोडवरच्या या तीन खोल्यांत आले. सासूबाई चाळीस वर्षांपूर्वी अंमळनेरकडच्या एका खेड्यातून सुरतेला आलेल्या. सासरे कापडाच्या लूमवर होते, ते गेले. नवरा कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या ऑफिसात. घरात आम्ही तिघंच, आणि स्वयंपाकघर सासूबाईंचं. मी चौदा वर्षांत तिथे चिराचिरी आणि चहा यापुढे सरकले नव्हते. खरं सांगायचं तर मला ते बरंच होतं.

त्यांचा स्वयंपाक चांगला असायचा, पण ठरलेला. सोमवारी काय आणि गुरुवारी काय, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. गेल्या दिवाळीत त्यांना आठ दिवस ताप आला, आणि तापातून उठल्यावर ताटात हे सुरू झालं. खिचडीवर किसलेला मुळा आणि तळलेल्या कुरडयांचा चुरा. वाफेवरून उतरवलेले डाळीचे फुणके बर्फासारख्या ताकात. कळण्याच्या भाकरीवर ठेचा आणि ठेच्यावर पिकलेल्या केळ्याच्या चकत्या. झणझणीत शेवभाजीत तळलेल्या जांभळ्या कंदाच्या फोडी, त्या रश्शातही कडक राहतील इतक्या तळलेल्या. वाचताना कुणाला मळमळेल, पण मी शपथेवर सांगते, एकही ताट फसलं नाही. नवरा जेवताना मोबाईल बाजूला ठेवायला लागला. एकदा म्हणाला, "आई, तुनं डोकं कोठे चालस हाई?" त्या नुसत्या हसल्या. मी मात्र त्यांच्याकडे चोरून पाहायची. पासष्टीची, चौथी शिकलेली ही बाई हे कुठून काढते, मला कळेना. मला त्यांचा हेवाही वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग चहाचा दिवस आला. रविवार होता. सासूबाईंचा गुडघा धरला होता म्हणून दुपारचा चहा मी केला, पुदिना आणि गवती चहा घालून, इथल्या पद्धतीचा. त्यांच्या कपात दिला, माझा कप खिडकीत ठेवला, दोरीवरचे कपडे काढून आणले. तोवर त्यांचा कप रिकामा. "बेस व्हयना," म्हणाल्या. मी माझा घोट घेतला आणि धावत जाऊन बेसिनमध्ये थुंकले. साखरेऐवजी मी मीठ घातलं होतं, तेही दोन चमचे.

परत आले तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांना कळलं होतं की मला कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीना तापपासून. ना वास, ना चव." मग एकदम माझं मनगट धरून म्हणाल्या, "त्याले सांगजो नको. तो माले चुल्हाजोडे जाऊ देवाव नही."

मी त्यांच्या शेजारी बसले. हळूहळू एकेक गोष्ट जागेवर येत गेली. मिरची झोंबते तेवढं त्यांना कळत होतं. गार कळत होतं, गरम कळत होतं, दाताखाली काही फुटलं तर कळत होतं. बाकी सगळं तोंडात माती. म्हणून भरताच्या जाळावर गार दही. म्हणून पोंक, म्हणून कुरडया, म्हणून रश्शातला कडक कंद. त्या काही शोध लावत नव्हत्या. जे थोडं हाताशी उरलं होतं त्यात जेवण उभं करत होत्या, आणि आम्ही बोटं चाटत होतो.

"पण मीठ? मीठ कसं बरोबर पडतं?"

त्यांनी उजव्या हाताचा तळवा माझ्यापुढे धरला. "हाऊ हात शे ना." आणि मला आठवलं, या बाईने स्वयंपाक करताना कधी काही चाखलंच नाही. आधी देवाला नैवेद्य, मग माणसांना. रोजचा साधा वरणभात असो की लसणाचं भरीत. चाखलं की उष्टं झालं. चाळीस वर्षं त्यांनी रंगावर, फोडणीच्या आवाजावर, तळव्यातल्या मिठाच्या वजनावर स्वयंपाक केला होता. जिभेला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे जीभ गेली तरी घरात कुणाला पत्ता लागला नाही. मी इतकी वर्षं त्या पद्धतीला मनातल्या मनात अडाणी म्हणत होते.

मी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. डॉक्टरांकडे मात्र गुडघ्याच्या निमित्ताने घेऊन गेले. ते म्हणाले, वास-चव येईल परत, किंवा नाहीही येणार, वाट पाहा.

वचन तीन आठवडे टिकलं. एका संध्याकाळी शाळेतून आले, दार उघडलं आणि गॅसचा भपकारा नाकात शिरला. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून शांतपणे वालपापडी सोलत होत्या. शेगडीचं एक बटण अर्धवट उघडं होतं, बहुधा पदर लागून. त्यांनी वर पाहून विचारलं, "आज लवकर उनी?"

मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना ओढतच गॅलरीत नेलं आणि तिथे त्यांच्यावर ओरडले. इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण "शुं थयुं, बेन?" विचारत वर आली. सासूबाईंची देवघरातली समई पेटवायची वेळ झालीच होती. दहा मिनिटं मी रिक्षात अडकले असते तर काय, हा विचार मला आजही नको वाटतो.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नको तेच बोलला. आईने आता शेगडीजवळ जायचं नाही. सासूबाईंनी वाद घातला नाही. माझ्याकडे एकदाच पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मग मी स्वयंपाक करायला लागले. माझा स्वयंपाक म्हणजे माझ्या फळ्यावरच्या अक्षरासारखा, कुठे चूक नाही आणि पाहावंसंही काही नाही. सासूबाई गॅलरीत बसून राहायच्या, जेवायला हाक मारली की यायच्या, दोन घास खाऊन उठायच्या. पोंकवाला खालून ओरडत जायचा, त्या उठून पाहायच्याही नाहीत. पाच दिवसांत त्यांचा चेहरा उतरला. मला वाटायला लागलं, आपण या बाईचा जीव वाचवला आणि तिच्या जगण्याला कुलूप लावलं.

सहाव्या दिवशी वरण करत होते. सवयीप्रमाणे पळीतलं तळहातावर घेतलं, चाटलं, मीठ कमी वाटलं, घातलं. नैवेद्याची वाटी भरली आणि वळले, तर सासूबाई दारात.

"देवले उष्टं दखाडशी?"

पाच दिवसांतलं त्यांचं हे माझ्याशी पहिलं वाक्य. आणि मी पाचही दिवस देवाला उष्टं दाखवत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. मला राग आला.

"मग तुम्ही करा!" मी म्हणाले. "मला नाही येत न चाखता. मला कुणी शिकवलंय? या इकडे!"

नवरा बाहेरच्या खोलीतून उठून आला. मी त्याला बोलूच दिलं नाही. "हे बघा, शेगडी मी पेटवणार, मी बंद करणार. सिलिंडरचं बटण माझ्या हातात. मी घरात नसताना गॅस चालू होणार नाही. नाक माझं, हात त्यांचे. आणि हे पटत नसेल तर उद्यापासून तुम्ही करा स्वयंपाक." तो आईकडे पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मग खाली गेला आणि पोंक घेऊन आला.

फ्रीजमध्ये गावाकडची दोन वांगी उरली होती. मी बर्नर पेटवला. सासूबाईंनी वांगी जाळावर धरली आणि मी प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. साल तडकल्याचा आवाज आला की वांगं फिरवत होत्या. बोटाने दाबून आत किती शिजलंय ते ऐकल्यासारख्या थांबत होत्या. फोडणीत मोहरीचं तडतडणं थांबेपर्यंत वाट पाहिली, लसणाचा रंग बदलला त्या क्षणाला हिरवी पात टाकली. मीठ तळव्यावर घेतलं, हात जरासा वर-खाली केला, चार खडे परत डब्यात टाकले. ते चार खडे परत टाकताना पाहून मला रडू यायला लागलं. इतक्या जवळ इतकी मोठी गोष्ट चालली होती आणि मी चौदा वर्षं पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसले होते.

मी बटण बंद केलं. त्यांनी नैवेद्य दाखवला, ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले. मग भाकरीचा तुकडा मोडून भरतात बुडवला, वर पोंक आणि दही घेतलं आणि तो घास माझ्यापुढे धरला.

"कसं व्हयनं?"

हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. मी घास घेतला आणि नेहमीसारखं "छान" म्हणणार होते, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तेव्हा मी सांगायला लागले. आधी धूर लागतो, आई, चुलीजवळ बसल्यासारखा. मग लसूण, कच्चा नाही आणि करपलेलाही नाही. मिरची मागून येते, घशाशी. दही आंबट आहे, पण अगदी थोडं. पोंक गोड आहे, दुधासारखा. मीठ? मीठ बरोबर आहे, एक खडाही जास्त नाही.

त्या ऐकत होत्या आणि तोंड हळूहळू हलत होतं, जणू घास त्यांच्याच तोंडात होता. मग डोळे उघडून देवघराकडे पाहिलं.

"इतला वरीस देवले निवद दखाडा," त्या म्हणाल्या. "त्यानी कधी सांगं नही, कसं व्हयनं ते."

मी दुसरा घास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.